थंडी पडायच्या आत कुंड्या आत

"आज रात्री दव गोठणार" असा अंदाज आला की संध्याकाळी दिवे लावून धावपळ करायची, सगळ्या कुंड्या उचलून बैठकीच्या खोलीत कोंबायच्या आणि सुटलो म्हणायचं, अशी बऱ्याच जणांची रीत असते. त्या रात्रीपुरती झाडं वाचतातही. पुढच्या तीन-चार आठवड्यांत मात्र जास्वंद पिवळी पडते, लिंबाचा खराटा होतो, मोगऱ्याच्या पानांखाली जाळी धरायला लागते, आणि खापर फुटतं थंडीच्या डोक्यावर. थंडी बिचारी दाराबाहेरच राहिलेली असते. आत आलेलं झाड मरतं ते एका रात्रीत आटलेल्या उजेडाने, हीटरने सुकवलेल्या हवेने आणि घरातल्या माणसांच्या पाणी घालायच्या हौसेने. म्हणून कुंड्या आत घेणं हे माझ्या लेखी दोन-तीन आठवड्यांचं काम आहे, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम झाडं बाहेर असतानाच उरकायचं असतं.

कधी हलवायच्या

रात्रीचा पारा 13 अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळायला लागला की मी तयारीला लागते. तो 10 च्या खाली उतरायच्या आत उष्ण प्रदेशातली सगळी झाडं घरात असतात. पाणी गोठायला शून्य अंश लागतात हे खरं, पण जास्वंद, मोगरा, तुळस, क्रोटन, मनीप्लांट, अळू यांना इजा व्हायला तेवढी थंडी लागत नाही. साधारण 10 अंशांच्या खाली त्यांच्या पेशींची आवरणं ताठरायला लागतात आणि पाण्याची, क्षारांची ये-जा बिघडते. बरं, झालेली इजा त्याच दिवशी दिसेल असंही नाही. पानांवर काळपट, पाणी भरल्यासारखे डाग दोन-चार दिवसांनी उमटतात, आणि तोवर आपण काही झालं नाही म्हणून निर्धास्त असतो.

अंदाजातल्या आकड्यावर फार विसंबू नका. हवामान केंद्रातला थर्मामीटर जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर, पेटीच्या आडोशाला असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी थंड असते, आणि आपल्या कुंड्या असतात जमिनीवर. रात्रीचा सगळ्यात कमी आकडा लक्षात ठेवणारा साधा थर्मामीटर मिळतो, तो कुंड्यांच्या मधोमध ठेवावा.

दुसरी खूण घराच्या बाजूने बघायची. खिडक्या अजून उघड्या आहेत, हीटर सुरू झालेला नाही, आतल्या आणि बाहेरच्या हवेत फारसा फरक नाही, असे थोडेच दिवस असतात आणि झाडं हलवायला तेच सगळ्यात चांगले. हीटर लागल्यावर आणलेल्या झाडाला उजेड, उष्णता आणि ओलावा असे तिन्ही धक्के एका दिवशी बसतात. आधी आणलं तर ते एकेक करून, सवड देऊन बसतात.

कोण आत, कोण बाहेर

घरात जागा किती यापेक्षा खिडकीत जागा किती यावर हे ठरतं. माझ्याकडे चांगल्या उजेडाच्या खिडक्या दोनच आहेत. त्यामुळे आधी मी त्यांच्यापुढची जागा टेपने मोजते आणि मगच झाडांकडे बघते. उलट क्रमाने गेलं की प्रत्येक झाडासाठी काहीतरी सबब सापडते आणि शेवटी निम्मी झाडं सोफ्यामागे अंधारात जाऊन बसतात.

काही झाडं बाहेरच राहायला हवीत. ट्यूलिप, पिओनी, लायलॅक, सफरचंद यांना थंडी सोसते एवढंच नाही, लागतेच. थंडीचे आठवडे मिळाले नाहीत तर वसंतात त्यांना नीट फुलता येत नाही. थंड हवेत रुळलेले बहुतेक गुलाबही याच गटात. ही झाडं कुंडीत असतील तर मुळांची काळजी मात्र घ्यायला हवी, कारण जमिनीतल्या मुळांना एका बाजूने थंडी लागते आणि कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी. कुंडी गळ्यापर्यंत जमिनीत पुरा. ते जमत नसेल तर सगळ्या कुंड्या भिंतीला टेकवून एकत्र करा, भोवती गोणपाट गुंडाळा आणि मधल्या फटींत सुकी पानं भरा.

झेंडू, झिनिया यांचं आयुष्यच एका हंगामाचं असतं. बी धरा आणि त्यांना मोकळं करा.

कीड लागून खंगलेलं झाड, त्यात कितीही जीव अडकलेला असला तरी, आत आणायचं नाही. बाकीच्या दहा झाडांना ते एकटं पुरून उरतं.

वाढून झुडूप झालेली तुळस, कोलियस, जिरेनियम अशांसाठी अख्खी कुंडी आत आणायची गरजच नाही. फांद्या घ्या. तुळशीची बोटाएवढी लांब, कोवळी, मंजिरी न आलेली फांदी पेराच्या जरा खाली धारदार कात्रीने कापायची, खालची पानं काढून टाकायची आणि पेर पाण्यात बुडेल अशी पेल्यात उभी करायची. पाणी एक-दोन दिवसांनी बदलायचं. साधारण आठवडा-दहा दिवसांत पेरापाशी पांढरे कोंब दिसतात. ती मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की लहान कुंडीत लावायची. हातभर लांब होईपर्यंत पाण्यातच ठेवलं तर मातीत गेल्यावर ती नीट तग धरत नाहीत. जिरेनियमचं थोडं वेगळं. त्याची कापलेली बाजू रात्रभर उघड्यावर सुकू द्यायची आणि मग जेमतेम ओल्या मातीत खोचायची. पाण्यात ठेवलं तर देठ सडायचीच शक्यता जास्त.

आधी सावली, मग घर

भर दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. ढगाळ दिवशीसुद्धा दहा-वीस हजार असतो. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीला अगदी लागून तो एक ते पाच हजारांवर येतो, आणि त्याच खोलीत दोन-तीन मीटर आत गेलात की काही शे लक्स उरतात. आपल्याला ती खोली छान उजेडाची वाटते, कारण डोळे कमी उजेडाला सरावतात आणि फरक झाकून टाकतात. फोनवर लक्स मोजणारी ॲप असतात, त्यांतल्या एखाद्याने अंगणात आणि सोफ्याशेजारी मोजून बघा. आकडा अचूक नसेल, पण प्रमाण कळतं आणि चांगलंच जमिनीवर आणतं.

उन्हात वाढलेलं पान जाड असतं आणि त्याला पोसायला उजेडही भरपूर लागतो. कमी उजेडात ते स्वतःपुरतीही कमाई करत नाही, तेव्हा झाड ते टाकून देतं आणि त्या जागी पातळ, कमी उजेडात भागवणारं पान काढतं. घरात आल्यावर होणारी पानगळ बहुतेक वेळा ही असते. हा बदल घरात शिरण्याआधीच सुरू करून द्यायचा. पहिला आठवडा उन्हातली कुंडी झाडाखाली किंवा जाळीच्या सावलीत, दुसरा आठवडा छपराखाली किंवा भिंतीच्या आडोशाला, आणि मग घरातल्या सगळ्यात उजेडाच्या खिडकीत. जास्वंद, लिंबू, बोगनवेल आणि फायकसच्या जातीची झाडं यांना हे अगदी करायलाच हवं. मनीप्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली यांसारखी झाडं उन्हाळाभर सावलीतच असतील तर त्यांना थेट आत घेतलं तरी चालतं.

याच्याही आधीचं एक काम: आत यायच्या महिना-दीड महिना आधी खत बंद. खताने निघालेले कोवळे धुमारे कमी उजेडात लांबट, फिकट होतात आणि किडीला पहिल्यांदा तेच सापडतात.

झाडाची झडती

या कामाचा मला मनापासून कंटाळा आहे, आणि तरी एकच काम करायचं असेल तर हेच करा असं मी सांगेन. बाहेर मावा, कोळी (जाळ्यातला मोठा कोळी नव्हे, पानांवरची धुळीच्या कणाएवढी कीड), पिठ्या ढेकूण झाडावर असतातच, पण पाऊस त्यांना धुतो आणि लेडीबर्ड भुंगे त्यांना खातात. घरात यातलं कोणी नसतं. वर उबदार, कोरडी हवा. लाल कोळी 27 अंशांच्या आसपास अंड्यातून आठवडाभरात पूर्ण वाढतो आणि लगेच अंडी घालायला लागतो. बाहेर नजरेत न भरलेले चार कोळी ऐन थंडीत अख्ख्या खिडकीवर जाळी का विणतात, ते यावरून कळेल.

पान उलटं करून बघायचं, तेही फांदीच्या टोकाचं आणि बुडाचं अशी दोन्ही. कोळी टिपायला भिंग नसलं तरी चालतं. फांदीखाली पांढरा कागद धरून तिला दोन टिचक्या मारायच्या आणि थोडं थांबायचं. कागदावर पडलेल्या धुळीतले काही कण चालायला लागले तर ते कोळी. पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात कापसाच्या बोंडासारखा बसतो. खवले कीड मात्र फसवते. ती हलत नाही, रंगही खोडाचाच असतो, साल जरा फुगलीय एवढंच वाटतं. नखाने उचकटून बघा. टवका अख्खा निघून आला आणि खाली चिकट लागलं तर ती कीड आहे. पानं किंवा खालची फरशी कारण नसताना चिकट लागत असेल तर वरच्या फांद्यांवर मावा किंवा खवले नक्की शोधा.

मग धुणं. कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून माती झाकायची, झाड आडवं धरायचं आणि पाइपच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुऊन काढायची. निम्मी कीड इथेच जाते. झाड निथळलं की साबणाच्या पाण्याचा फवारा. झाडांसाठी मिळणारा पोटॅशियम साबण लिटरभर पाण्याला साधारण 15 मिली पुरतो. बाटलीवर वेगळं प्रमाण लिहिलेलं असेल तर ते पाळा. भांडी घासायचं लिक्विड वापरू नका, ते पानावरचं मेणही काढून नेतं. कडुनिंबाचं तेल वापरायचं तर लिटरला 5 मिली, आणि ते पाण्यात मिसळण्यासाठी त्यातच थोडा हा साबण. कोणताही फवारा उन्हात मारायचा नाही आणि आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस वाट बघायची. साबण अंगाला लागलेली कीड मरते, अंडी राहतात, म्हणून पाच-सात दिवसांच्या अंतराने तीनदा फवारणी. एकदा मारून सोडून दिलेला फवारा म्हणजे जवळजवळ न मारलेलाच.

मातीतल्या पाहुण्यांसाठी बादली. कुंडी पाण्यात काठापर्यंत बुडवून 15-20 मिनिटं ठेवली की मुंग्या, गांडुळं आणि गोगलगायी वर येतात. गांडुळं उचलून बागेत सोडा. त्यानंतर कुंडी पूर्ण निथळू द्यायची. कोरफड, निवडुंग आणि इतर गुबगुबीत पानांच्या झाडांना ही बादली नको. मातीचा वरचा बोटभर थर काढून नवा घालावा, कुंडी बाहेरून घासावी आणि बुडाचं भोक काडीने मोकळं करून बघावं. गोगलगायींची ती आवडती जागा.

छाटणी बेतानेच. जास्वंद फार पसरली असेल तर तिसरा हिस्सा कापायला हरकत नाही. लिंबू आणि रोझमेरीला फक्त सुकलेल्या काड्यांपुरती कात्री लावते. कुंडी बदलायचं काम वसंतावर टाका. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती थंडीत आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि मुळं कुजवते.

एवढं सगळं करूनही पहिले दोन आठवडे नव्याने आत आलेली झाडं घरातल्या जुन्या झाडांपासून वेगळ्या खोलीत ठेवा. काही निघालंच तर तिथेच आवरता येतं.

आत आल्यावर

खिडकी कोणती? उत्तर गोलार्धात दक्षिणेची, दक्षिण गोलार्धात उत्तरेची. ती लिंबू, जास्वंद, मोगरा, बोगनवेल यांना. पूर्वेच्या-पश्चिमेच्या खिडक्यांत बिगोनिया, कोलियस वगैरे. पान काचेला टेकू देऊ नका. रात्री काच खोलीपेक्षा बरीच गार होते आणि टेकलेलं पान करपतं. हीटर खिडकीखाली असेल तर त्याच्या नि कुंडीच्या मध्ये रुंद फळी टाका, म्हणजे गरम झोत थेट मुळांवर आणि पानांवर येत नाही. सारखं उघडणारं बाहेरचं दारही टाळावं.

खोली फार उबदार असावी असं वाटत असेल तर तो समज सोडा. झाडाचा श्वसनाचा खर्च उष्णतेबरोबर वाढतो आणि कमाई उजेडावर अवलंबून असते. उजेड कमी आणि खोली 24 अंशांवर असेल तर हिशेब जमत नाही, झाड लांबट आणि किडकं होतं. दिवसा 18-20 आणि रात्री 15-16 अंश हे बहुतेक झाडांना आवडतं. माझी सगळ्यात तजेलदार झाडं वरच्या, जवळजवळ न तापवलेल्या खोलीत असतात.

लिंबाचं एक जरा खोलात जाऊन सांगते, कारण त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी ऐकू येतात. त्याची मुळं साधारण 13 अंशांच्या खाली जवळपास काम थांबवतात. कुंडी गार फरशीवर आणि पानं खिडकीतल्या उन्हात असली की पानं पाणी मागतात आणि मुळं देऊ शकत नाहीत. झाड हिरवी, धडधाकट पानं टाकायला लागतं. मग माणूस घाबरून आणखी पाणी घालतो, तेही नळाचं गारठलेलं. करायचं असतं ते एवढंच: कुंडी लाकडी पाटावर किंवा जाड कॉर्कवर उचलून ठेवायची, पाणी खोलीत ठेवून कोमट झालेलं घालायचं, आणि मुळं गारच राहणार असतील तर झाड ऊन कमी असलेल्या गार जागी हलवायचं. मुळं आणि पानं दोन्ही गार असतील तर ते गुपचूप बसून राहतं.

आता कोरडेपणा. शून्य अंशाची, ओलाव्याने पूर्ण भरलेली हवा घरात येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 26 टक्क्यांच्या आसपास उरते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तर आणखी कमी. उष्ण प्रदेशातल्या झाडांना 50 टक्के तरी हवेत. यावर पानांवर पाणी शिंपडायचा उपाय सगळीकडे सांगतात. ते पाणी काही मिनिटांत उडून जातं, त्याने आर्द्रता वाढत नाही. कुंडीखाली खडे आणि पाणी भरलेली ताटली ठेवण्याचाही उपयोग फारसा नाही. झाडं एकमेकांच्या जवळ ठेवल्याने थोडा फरक पडतो, आणि ह्युमिडिफायर लावला तर खरा. तो नसेल तर खिडकी असलेलं न्हाणीघर ही उत्तम जागा. आमच्याकडे फर्न तिथेच राहतात आणि आंघोळीच्या वेळी सगळ्यांना जरा अंग चोरावं लागतं. आठवड्यातून एकदा पानं ओल्या फडक्याने पुसली तर धूळ जाते आणि कोळीही वेळेवर दिसतात.

उजेड अगदीच कमी असेल तर पांढरा एलईडी ग्रो लाइट पुरतो, जांभळाच हवा असं काही नाही. झाडाच्या शेंड्यापासून 20-30 सेंटिमीटरवर, टायमर लावून रोज 12 ते 14 तास. छताच्या दिव्याचा झाडाला उपयोग जवळजवळ होत नाही, कारण छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर कण्हेर, डिफेनबाखिया आणि सागो पाम आत आणायच्या आधी विचार करा. तिन्ही विषारी आहेत. मांजर असलेल्या घरात लिली तर नकोच.

पाणी

घरातल्या झाडांचे बळी थंडीत बहुतेक याच खात्यावर पडतात. उजेड कमी, वाढ थांबलेली, पानंही कमी झालेली, त्यामुळे झाड उन्हाळ्याच्या निम्मं पाणीही पीत नाही. आपला हात मात्र वार ठरवून चालतो. वार विसरा. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. आत ओलसर लागलं तर परत जा. वरची माती हीटरमुळे लवकर सुकते आणि खाली चिखल असतो, म्हणून वरून रंग बघून काही कळत नाही. त्याहून बरी सवय कुंडी उचलून बघायची. पाणी घालून निथळल्यावर एकदा उचलायची, सुकल्यावर एकदा उचलायची, की वजन हाताला पाठ होतं. मोठ्या कुंड्यांना हे जमत नाही, तिथे लाकडी काडी खोल खुपसून दहा मिनिटांनी काढावी. ओली माती काडीला चिकटून येते.

घालाल तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. थोडं थोडं घोटभर पाणी रोज, हे सगळ्यात वाईट. रोझमेरीला मात्र धोका जास्त पाण्याइतकाच कोरडेपणाचाही आहे: तिची मुळं पूर्ण सुकली की सुयांसारखी पानं हिरवीच दिसत राहतात आणि झाड मेलेलं असतं. तिला गार, भरपूर उजेडाची जागा द्या आणि माती कधीच कोरडीठाक होऊ देऊ नका.

कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटं उडायला लागली तर समजा, पाणी जास्त होतंय. त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या ओल्या थरात वाढतात. वरचे दोन-तीन सेंटिमीटर पूर्ण सुकू देणं हा मुख्य उपाय, जोडीला उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद. तरीही हटली नाहीत तर बीटीआय नावाचा जिवाणू असलेली पावडर किंवा गोळी पाण्यात मिसळून कुंड्यांना घालता येते. ती अळ्यांनाच मारते.

झोपणारी मंडळी

ज्यांना थंडीत झोपायचं असतं त्यांना खिडकी लागत नाही, आणि त्यामुळे माझ्यासारख्या दोन खिडक्यांच्या माणसाला ही झाडं फार प्रिय. चाफ्याची पानं गळू द्यायची, पाणी बंद करायचं आणि 10 अंशांच्या वर राहील अशा कोरड्या कोपऱ्यात उभा करायचा. अंधार असला तरी चालतो. अंजिराची पानं बाहेरच गळू द्या, मग न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवा. शून्याच्या जरा वर असलेली जागा त्याला मानवते, महिन्यातून एकदा अर्धा तांब्या पाणी बस होतं. डेलिया आणि कर्दळ यांची पानं पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीनंतर काळी पडली की देठ वीतभर ठेवून कापायचे, कंद खुरप्याने लांबून उकरून काढायचे, माती झटकायची, एक-दोन दिवस सुकवायचे आणि जेमतेम ओलसर लाकडी भुश्श्यात किंवा कोकोपीटमध्ये, 5 ते 10 अंशांच्या जागी ठेवायचे. कॅलेडियम आणि निशिगंधाचे कंद मात्र थंडीच्या आधी काढून 15 अंशांच्या वर, कोरडे ठेवा. महिन्यातून एकदा पेटी उघडून बघावी: सडका कंद फेकायचा, सुरकुतलेला असेल तर भुश्श्यावर थोडं पाणी शिंपडायचं. प्रत्येक पेटीवर नाव लिहा. वसंतात सगळे कंद सारखेच दिसतात.

कढीपत्ता अर्धवट झोपतो, आणि त्यामुळे त्याचा बळी हकनाक जातो. गार, कमी उजेडाच्या खोलीत तो जवळजवळ सगळी पानं टाकतो आणि लोक काडी उरली म्हणून फेकून देतात. आधी सालीवर नखाने ओरखडा काढा. खाली हिरवं आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. टोकाकडून सुरुवात करून खाली खाली ओरखडे काढत गेलात तर कुठपर्यंत वाळलंय तेही कळतं. पाणी अगदी कमी करा, उजेडात ठेवा आणि खत देऊ नका. दिवस मोठे व्हायला लागले की बुडातून किंवा पेरातून कोंब येतो. पानं गळालेल्या जास्वंदीला आणि लिंबालाही हीच परीक्षा.

परत बाहेर

खिडकीत नवी पालवी दिसली की खत आणि पाणी हळूहळू वाढवा, लागतील तशा मोठ्या कुंड्या द्या. बाहेर काढायची घाई करू नका. रात्री सलग 13 अंशांच्या वर राहायला हव्यात. थंडीभर घरात आलेलं पान पातळ असतं, थेट उन्हात एका दुपारीत पांढरंफटक भाजतं आणि परत हिरवं होत नाही. म्हणून तीच वाट उलटी चालायची: आधी छपराखाली, मग झाडाखाली, मग सकाळचं ऊन, आणि दोन आठवड्यांनी पूर्ण ऊन. वाऱ्याच्या दिवशी पहिल्यांदा बाहेर काढू नका, खिडकीत वाढलेले देठ वारा सोसत नाहीत. आणि मोठ्या कुंड्या उचलू नका, चाकांच्या पाटावर ठेवा. कंबर हिवाळ्यानंतरही लागते.